उत्तरेकडची भिंत

चिलोए बेटावर वारा उत्तरेकडून येतो,
पाऊस त्याच्या पाठुंगळी बसून.
म्हणून कुणी घर बघायला बोलावलं
तर मी दारातून आत जात नाही,
आधी वळसा घालून मागे जातो
आणि उत्तरेच्या भिंतीला हात लावतो.

एदेल्मिरा बाईंच्या भिंतीला लावला.
खिडकीखाली बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.
"कळलं," त्या म्हणाल्या. "आता काय काय मिळतं ते सांग.
स्वस्त आधी."

पत्रा सांगितला. नागमोडी, एका दिवसात होतो.
पण समुद्र वीस पावलांवर,
आणि पत्रा काही खाल्ल्या मिठाला जागत नाही.
खिळ्याभोवती आधी तांबूस टिकली,
पाचव्या हिवाळ्यात तिचा ओघळ.
"आणि आवाज," त्या म्हणाल्या,
"बहिणीकडे पाऊस लागला की
कुणालाच कुणाशी भांडता येत नाही."
ही तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

प्लास्टिकच्या पट्ट्या.
शेजारच्या क्रिसोलोगोने लावल्यात, लोण्याच्या रंगाच्या.
नव्याचे नऊ दिवस संपले ते ऑगस्टच्या वादळात.
एक पट्टी खुराड्यात सापडली,
एक पलीकडच्या बेटावरून कुणी होडीतून आणून दिली,
तिसरी अजून वाऱ्यावरच आहे.

मग सिमेंटचे फळे.
जड. आग नाही, कीड नाही.
फक्त कापलेली कड रंगवायची राहिली
तर तिथून पाणी पितात
आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे फुगतात.
"तू रंगवशील कड?"
"रंगवीन."
"माझा जावईही असंच म्हणायचा."

आलेर्सेचं नाव दोघांनीही काढलं नाही.
ते झाड आता तोडता येत नाही,
आणि भिंतभर तेच होतं:
सासऱ्यांनी हाताने फाडलेल्या फळ्या,
टोकं गोल, माशाच्या खवल्यांसारखी,
उन्हापावसाने चांदीच्या जुन्या चमच्याइतक्या राखाडी.
सान्तियागोहून एक माणूस दोनदा येऊन गेला होता.
त्याला त्या हॉटेलच्या भिंतीवर हव्या होत्या.
बदल्यात सगळ्या घराला पत्रा, वर रोख.
"आमच्या भिजण्याला एवढा भाव असेल," त्या म्हणाल्या,
"असं वाटलं नव्हतं."

मी खिडकीखालची जागा उकलली.
सडलं होतं ते आलेर्से नव्हतंच.
जावयाने ठोकलेलं प्लायवूड, वर राखाडी रंग.
त्याच्या बाजूची एक फळी सहज काढली.
बाहेर दिसत होती वीतभर,
आत, दुसऱ्या दोन फळ्यांच्या पोटाखाली,
आणखी दोन विती,
लालसर, कोरड्या, कालच फाडल्यासारख्या.
बाईंनी नाकाशी नेली.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "उलट्या लाव."

उलट्या लावायच्या तर गोल टोकं वर जाणार, झाकली जाणार.
खवले जातील, मी म्हटलं.
"मासा मेला तरी चालेल, घर गळायला नको."

तेरा दिवस लागले.
फुटलेल्यांच्या जागी दक्षिणेकडच्या काढून आणल्या,
आणि दक्षिणेला, जिकडे फक्त डुकरं बघतात,
पत्रा ठोकला.
सान्तियागोच्या माणसाला बाईंनी मातेचा पेला दिला
आणि प्लायवूडचा तुकडा दाखवला.
"हा घेऊन जा. हाही भिजलाय."
माझे अर्धे पैसे मिळाले, एक पोतं बटाटे,
बाकी मार्चमध्ये.

काल धक्क्यावर पहाटे मासेवाले विचारत होते.
इथे घरं ओंडक्यांवर चढवून, बैल जुंपून हलवतात,
तेव्हा प्रश्न तसा वेडगळ नव्हता:
समुद्रावरून बघताना ते घर
एकदम तांबडं दिसलं म्हणे.
"एदेल्मिराने घर फिरवून घेतलं की काय?"

मी हो म्हटलं.